आईला दाखवलेला परदेश

कॉलेजच्या मुलाखतीत बारकीला विचारलं, "एका सत्रासाठी जायचं तर हेच शहर का?" तिने बससेवेचं जाळं, वाहतूक नियोजन, इंटर्नशिपमधून मिळणारा अनुभव असं सगळं घडाघडा सांगितलं. परीक्षक खूश झाले. खरं उत्तर मात्र एकाच शब्दाचं होतं, आणि तो शब्द होता 'आत्या'.

आत्या म्हणजे बारकीच्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती परदेशी गेली आणि तिथेच रमली. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिने वहिनीला, म्हणजे बारकीच्या आईला, बोलावून घेतलं. "वहिनी, या हो, तेवढंच फिरणं होईल," असं फोनवर म्हणाली. वडिलांना लाडक्या बहिणीचा शब्द मोडवेना. बारकी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. तिला आजीपाशी ठेवून आई गेली आणि जवळजवळ वर्षाचा अर्धा भाग तिकडेच राहिली. त्या काळात बारकीचे दुधाचे दात पडायला लागले. पहिला दात तिने आईसाठी काडेपेटीत जपून ठेवला, आणि आई यायच्या आत ती काडेपेटीच कुणीतरी फेकून दिली.

आई परतली ती वाळून. परदेशाच्या गोष्टी सांग म्हणून बारकी मागे लागली की ती सांगायची, "स्वयंपाकघराला एक खिडकी होती. समोर भिंत. भिंतीवर एक जाड पाइप. त्याच्यावर एक मांजर येऊन बसायची." तळघरात कपडे धुण्याची मशीन होती, जिना अरुंद होता. गोष्ट इथेच संपायची. कितीतरी दिवस बारकीची समजूत होती की परदेश म्हणजे एक भिंत आणि एक पाइप.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पुढे दर लग्नात, दर मुंजीत आत्या यायची आणि भर पंगतीत बारकीच्या गालाला हात लावून म्हणायची, "तुझ्या आईला परदेश कुणी दाखवला? मी!" आई खाली बघून हसायची. वडील ताटातलं मीठ इकडचं तिकडे करायचे. बारकीच्या मनात मात्र पाल नव्हे, मगर चुकचुकायची.

आता ती त्याच घराच्या दारात बॅग घेऊन उभी होती.

आत्याने तोंडभर स्वागत केलं. यजमान कामानिमित्त सतत दौऱ्यावर असायचे, मुलगा शिकायला दुसऱ्या गावी, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. घर तसं रिकामंच होतं. बारकी आधी स्वयंपाकघरात गेली. खिडकी होती, भिंत होती, पाइप गंजला होता. मांजर नव्हती.

"तुझ्या आईच्या हाताला काय चव होती, आणि उरक तर विचारूच नकोस," आत्या मागून म्हणाली. "तुला येतं ना गं घरातलं थोडंफार?"

"नाही गं आत्या," बारकी गोड हसून म्हणाली. "मला फक्त फिरता येतं."

आणि ती फिरली. तिची इंटर्नशिप एका बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात होती. विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे घड्याळबाई म्हणत, कारण त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं आणि तरी त्या कधी चुकत नसत. बारकीला त्यांनी जोडगाड्यांचं काम दिलं. एका गाडीतून उतरलेल्या माणसाला दुसरी गाडी मिळते की नाही, फलाट बदलायला किती वेळ लागतो, म्हाताऱ्या माणसाला किती, सामान असेल तर किती, हे प्रत्यक्ष जाऊन बघायचं. म्हणून शनिवार-रविवारसाठी कंपनीचा पास मिळाला. कुठेही जा, फक्त सोमवारी येऊन नोंद दे.

"एक लक्षात ठेव," घड्याळबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "गाडी उशिरा आली तर माणूस चिडतो आणि विसरतो. पण डोळ्यांदेखत निघून गेलेली गाडी माणूस जन्मभर विसरत नाही."

"माहितीये," बारकी म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे आई होती.

पहिल्याच शनिवारी ती समुद्रकाठच्या गावी गेली. लांब धक्का, टोकाला दीपगृह, वाऱ्याने उडणारे केस. तिने फोटो काढला आणि साऱ्या नातलगांच्या ग्रुपवर टाकला. आई तेवढी त्या ग्रुपवर नव्हती. खाली लिहिलं, 'आत्याच्या घरापासून बसने फक्त दीड तास. आईचं बघायचं राहून गेलं होतं.'

पुढच्या आठवड्यात टेकडीवरचा किल्ला. 'आत्याच्या घरातून दिसतो. आईचा हाही राहिला होता.' मग काचेच्या छपराची बाग, मग दगडी पूल, मग वस्तुसंग्रहालय. प्रत्येक फोटोखाली तेच शेपूट.

ग्रुपवर आधी अंगठे आले, मग प्रश्न यायला लागले. मोठी काकू तशी सरळ बाई, पण सरळ रेघच जास्त बोचते. तिने लिहिलं, 'अगं, पण तुझी आई तिथे इतके महिने होती ना? मग राहिलं कसं?'

आत्याने घाईघाईने उत्तर दिलं, 'तेव्हा सोयी नव्हत्या.'

काकांनी विचारलं, 'किल्लाही नव्हता का?'

बारकी बसमध्ये एकटीच खिदळली. शेजारची बाई दचकून सरकून बसली.

रविवारी संध्याकाळी आत्याने तिला गाठलं. "हे काय चालवलंयस? फोटो टाक, आईचं कशाला मध्ये घालतेस?"

"खोटं लिहिलंय का काही?"

"खोटं नाही, पण… लोकांना भलतंच वाटतं."

"मग तू खरं काय ते सांग ना लोकांना," बारकी म्हणाली आणि बूट काढायला वाकली. आत्याचा चेहरा बघायची तिला गरज नव्हती.

एवढ्यावर तिचं पोट भरलं असतं. पण आतेबहिणीला दिवस गेले होते, आणि तारीख जवळ येत चालली होती. एका सकाळी बारकी आंघोळ करून बाहेर येते तर आत्या फोनवर लेकीला सांगत होती, "बाई कशाला ठेवायची? पैसेही घेतात आणि मिजासही दाखवतात. वहिनींना बोलावू. त्यांना सवय आहे. बारकी आहे म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत."

'त्यांना सवय आहे.' बारकी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. केसांतून पाणी पाठीवर ओघळत होतं, तिला कळलंच नाही. मग ती आपल्या खोलीत गेली, दार लावलं, आणि आत्याने आईला फोन करण्याच्या आत ग्रुपवर एक लांबलचक संदेश लिहिला.

'आनंदाची बातमी! गेल्या वेळी आईचं फिरणं राहून गेलं म्हणून आत्याला इतकं वाईट वाटतंय की ती आईला खास फिरायला बोलावतेय. कामाला हात लावू देणार नाही म्हणते. अशी नणंद भाग्याने मिळते!'

पाच मिनिटांत ग्रुपवर फुलांचा खच पडला. काकांनी लिहिलं, 'नणंद असावी तर अशी.' काकूने हात जोडले. वडील कधी काही लिहीत नसत, त्यांनीही लिहिलं, 'ताई, डोळे भरून आले.' धाकट्या बहिणीला ते लाडाने ताई म्हणायचे.

आत्या मोबाइल घेऊन दारात आली. धड नाही म्हणता येईना, धड हो म्हणता येईना.

"मी असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस? मग लिही तसं. की फिरायला नाही, कामाला बोलावतेय."

आत्याने ग्रुपवर हसरा चेहरा टाकला. तिला दुसरं काहीच टाकता येत नव्हतं.

आई आली त्या सकाळी बारकी एकटीच विमानतळावर गेली. "तू कशाला दगदग करतेस, मी घेऊन येते," असं तिने आत्याला सांगितलं होतं. आई बाहेर आली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "चल, वन्सं वाट बघत असतील."

"बघू देत," बारकी म्हणाली. घड्याळबाईंकडे शब्द टाकून तिने आईसाठीही पास मिळवला होता. विमानतळासमोरच्याच थांब्यावरून तळ्याच्या गावाची गाडी सुटायची. आई खिडकीशी बसली. शहर मागे पडलं, शेतं आली, तरी तिला वाटत होतं आपण आत्याकडेच चाललोय. तळं दिसलं तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

तिथे त्यांनी एक खोली घेतली. आईने तळ्यात पाय सोडले, होडीत बसली, भाजलेली कणसं खाल्ली. बारकीने फोटोंवर फोटो टाकले. आत्याचे फोन येत होते, ती कापत होती. आईला अजून काही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या तिने सगळं सांगून टाकलं. ग्रुप, फोटोंची शेपटं, फोनवर ऐकलेलं बोलणं, सगळं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. आई शाबासकी देईल, निदान हसेल, अशी तिची खात्री होती.

आईने नजर पाण्याकडे वळवली.

"म्हणजे साऱ्या नात्यात आता माहीत झालं," ती म्हणाली, "की मी तिकडे मोलकरीण म्हणून राहिले."

"आई, तुझ्यासाठीच—"

"मला विचारलंस?" आईचा आवाज वाढला नव्हता. "इतकी वर्षं मी मान खाली घालून हसले, ते काय मला कळत नव्हतं म्हणून? ते भांडण माझं होतं गं. माझ्या भांडणाला तू परस्पर हात घातलास."

बारकीचे कान तापले. "मग तू का नाही भांडलीस?"

होडीवाल्याने अजून एक फेरी मारणार का म्हणून विचारलं, तर आई उठली आणि एकटीच जाऊन बसली. होडी पार पलीकडच्या काठाला लागून परत येईपर्यंत बारकी बाकावर चुळबुळत राहिली.

परत आल्यावर आई म्हणाली, "उद्या वन्संकडे जाऊ."

आत्याने दार उघडलं ते फणकाऱ्यानेच. पण घरात आतेबहीणही होती, अवघडलेली, उशीला टेकून बसलेली, म्हणून तिने आवाज आवरला. आई भाचीजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, कुठे दुखतं ते विचारलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. बारकीला वाटलं, झालं, आता ही पदर खोचणार. पण आईने टेबलापाशी खुर्ची ओढली आणि बसली.

"वन्सं, चहा टाका," ती म्हणाली.

आत्याने चहा टाकला. आई एकेक घोट घेत राहिली. कप ठेवून म्हणाली, "बाळ झालं की मी त्याला आंघोळ घालीन. पोरीला तेल लावीन. ते मला आवडतं. बाकी स्वयंपाक, धुणं, भांडी मी करणार नाही."

"अहो वहिनी, भांडी घासा म्हणून तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

"तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. "तुम्ही नुसती माझ्यासमोर आणून ठेवत होता."

आत्याचे डोळे भरले. ते पश्चात्तापाने की अपमानाने, हे बारकीला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला जाणूनही घ्यायचं नव्हतं. दारातून आतेबहीण हे सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आई, मी तेव्हा लहान होते, पण मला आठवतंय. मामी तळघराच्या जिन्यात बसून रडायची." आत्या लेकीकडे बघतच राहिली. तो घाव ना बारकीने घातला होता, ना आईने. तोच सगळ्यात खोल गेला.

मुलगी झाली. आईने तिला आंघोळी घातल्या, आणि शनिवार-रविवारी लेकीबरोबर भटकली. समुद्र झाला, किल्ला झाला. काचेच्या बागेत उकडतं म्हणून लगेच बाहेर आली. धुणीभांडी आत्याने केली. कंबर धरून केली, कण्हत केली, पण केली. आई तिच्याशी वाकडं बोलली नाही, गोडही बोलली नाही. आधी आई परत गेली, मग सत्र संपून बारकी.

बारकी निघाली तेव्हा आत्या दारापर्यंत आली. "माझ्या घरात राहून माझंच नाक कापलंस," ती म्हणाली.

"हो," बारकी म्हणाली आणि तिच्या पाया पडली. आत्याने आशीर्वाद दिला नाही, पायही मागे घेतले नाहीत.

त्यानंतर समेट झाला असं काही नाही. आत्या लग्नाकार्याला येते आणि दुसऱ्या पंगतीत बसते. बारकी आता आपल्या गावच्या बससेवेत नोकरीला आहे. आई तळ्याकाठच्या त्या बोलण्यावर पुन्हा कधी काही बोलली नाही, पण बारकीने तिला न विचारता काही ठरवलं की अजूनही 'मला विचारलंस?' अशा नजरेने तिच्याकडे बघते. आपल्या हातून वाईट झालं असं वाटेल म्हणून बारकीने प्रामाणिकपणे वाट पाहिली. आईचं दुखलं, त्याचं वाईट वाटतं. आत्याचं दुखलं, त्याचं अजून वाटलेलं नाही.