टाचेचे टाके

कोकणातल्या घामट हवेत लोकर कोण घालतं, असं बाहेरचा माणूस विचारील. पण कसालजवळच्या त्या गावात मूल जन्मलं की बारशाला त्याच्या पायांत लोकरीचे मोजे चढायचेच, आणि तेही मथुरावयनीच्याच हातचे. मथुराचं माहेर बेळगावचं. हा हुन्नर तिने तिकडूनच आणला आणि जन्मभर कुलपात ठेवला.

तिची धाकटी जाऊ किशोरी लग्न होऊन आली त्याच वर्षी सुया धरायला शिकली. उलटा टाका, सुलटा टाका, घोट्यापर्यंतची नळी, सगळं ती विणायची. टाच आली की मात्र मथुरा सुया ओढून घ्यायची.

"दी हंय. तुका जमाचा नाय."

मग खोलीचं दार लोटून ती टाच वळवायची. टाच नसली तर मोजा म्हणजे नुसती पिशवी. काजूच्या बिया वेचता वेचता किशोरीचे केस पिकले, तरी घोट्याखाली तिची मजल गेली नाही. तयार मोजा उसवून बघावा असं कितीदा मनात आलं, पण दुसऱ्याच्या लेकराचा मोजा उसवायला तिचा हात धजला नाही.

यंदा तिची लेक अनुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातवाचे मोजे तरी अख्खे आपल्या हातचे असावेत, एवढंच किशोरीला हवं होतं. अनुजानेच मोबाईलवर एक बाई शोधून दिली. ती बोटांपासून सुरुवात करून वर विणायची आणि टाचेला ओळ अर्ध्यावरून मागे फिरवायची. भाषा परकी, पण हात काय करतायत ते किशोरीला कळत होतं. पहिल्या टाचेला भोकं पडली, दुसरी बेडकासारखी फुगली. उसवून उसवून लोकर पार पिंजून गेली. एका दुपारी टाच अशी नेमकी बसली की ती पडवीत एकटीच रडली.

बारशाला मोजे हातोहात फिरले. अनुजा आत बाळाला पाजत होती.

"हात मथुरावयनीचोच!" शेजारची शर्मिला म्हणाली.

किशोरी बोलणार, तोवर मथुराने मोजा उलटा करून टाच पाहिली. ही आपली नव्हे, हे न कळायला ती काय दूधखुळी होती?

"आता डोळ्यांनी बरां दिसणा नाय गो," ती हसून म्हणाली. "म्हणान टाच जरा वाकडी झाली."

श्रेय घेतलं ते घेतलं, वर नावंही ठेवली! किशोरीच्या अंगाची लाही झाली. पण भरल्या घरात, नातवाच्या बारशाला, थोरल्या जावेला खोटं कसं पाडायचं?

पाव्हणे पांगल्यावर मथुरा सुया घेऊन तिच्याजवळ आली.

"किशोरी, ही टाच कशी केलंस? माका दाखव गो."

आवाज अगदी मऊ होता. दाखवावं, असं किशोरीला क्षणभर वाटलंही. मग तिने सुया ओढून घेतल्या.

"द्या हंय, वयनी. तुमका जमाचा नाय."

ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आत विणायला काहीच नव्हतं.