नलूबाईची अट

आमच्या राजूरच्या बौद्धपुऱ्यात नलूबाईच्या तोंडाला लागायची हिंमत कुणी करत नाही. विद्यापीठवाल्यांनी केली, कारण त्यांना ती माहीत नव्हती.

मागच्या खेपेला ते आले तेव्हा तिचा नवरा डोमाजी जिवंत होता. कोळशाच्या डेपोत आयुष्य गेलेला माणूस, खोकून खोकून अर्धा झालेला. छातीची तपासणी म्हणून त्यांनी त्याला एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. त्याला काय, अख्ख्या पुऱ्याला लावलं. नलूबाईनेच घरोघर फिरून माणसं गोळा केली होती. रिपोर्ट पाठवतो म्हणाले आणि गेले ते गेलेच. मग डोमाजीही गेला. बाया नलूबाईला तोंडावर विचारायच्या, "तुह्या पावन्यायचे रिपोर्ट कुठी हायेत वं?" ती काय सांगणार? तेव्हापासून शिकलेला माणूस दिसला की तिचं डोकं फिरतं. मला तिचा राग कधीच चुकीचा वाटला नाही.

यंदा ते पुन्हा आले. आता म्हणे नुसतं संशोधन नाही, गावाशी भागीदारी! प्रमुख होत्या प्रेरणा मॅडम नावाच्या प्राध्यापिका. बायांचा विश्वास मिळवायला त्यांनी काय करावं? विहारासमोर हळदीकुंकू ठेवलं. बौद्धपुऱ्यात हळदीकुंकू, आणि तेही जिथे घराआड एक विधवा बसली आहे. ज्यांचे नवरे कोळशाच्या धुळीने नेले त्या बायांनाच विचारायला आल्या, आणि त्यांनाच आधी बाजूला काढलं. शिकून माणूस इतका आंधळा कसा होतो, कोण जाणे.

नलूबाईने कुंकवाचा करंडा उचलून मॅडमच्या गाडीवर नेऊन ठेवला.

"आमच्या बुढ्यायनं हे छप्पन सालीच सोडलं, बाई. तुमच्या पुस्तकात नाई लिवलं का?"

मॅडमचा चेहरा पडला. चूक झाली, म्हणाल्या. तुम्हीच सांगा आता कसं करायचं.

"जो फुंकन, त्याचा निकाल तवाच, इथंच विहारात, सगळ्यायसमोर सांगायचा. गाडीत घालून पळायचं नाई."

"तसं चालत नाही हो. ज्याचा निकाल त्याला एकट्यालाच सांगायचा, असा नियम आहे."

"मंग माह्या डोमाजीले एकट्याले काहून नाई सांगतला? चाल्ल्या जा!"

दोघीही हटेनात. कितीतरी आठवडे गाडी यायची आणि रिकामी परत जायची. अखेर मॅडम वरच्यांशी भांडून परवानगी घेऊन आल्या: ज्याची हरकत नसेल, त्याचा निकाल चारचौघांत सांगू.

रविवारी विहार भरला. पहिलं कोण फुंकणार, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. नलूबाईने आपल्या अश्वजितला पुढे ढकललं. पोरगा बापाच्याच डेपोत गाड्या भरतो. "सांगा सगळ्यायसमोर, माही हरकत नाई," तो हसत म्हणाला. त्याने फुंकलं. मॅडमनी पुन्हा फुंकायला लावलं, मग आणखी एकदा. कुणाची छाती अधू निघते आणि कुणाला कामावरून काढायचं, ते बघत डेपोचा मुकादम दारातच उभा होता.

"अश्वजित, आपण जरा आत बसून बोलू या का?" मॅडम हळूच म्हणाल्या.

पोराने आईकडे पाहिलं. नलूबाई पांढरीफटक पडली होती. ती हो म्हणाली असती तर मी तरी तिला नावं ठेवली नसती.

"इथंच सांगा," ती म्हणाली.

मॅडमनी सांगितलं. फुप्फुसांची ताकद निम्म्यावर आली आहे. धुळीतलं काम आजच बंद करायचं आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. मुकादम दारातूनच निघून गेला.

"आई, उद्या डेपोत पाळी हाय माही," अश्वजित पुटपुटला.

नलूबाईने सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली. डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज खणखणीत.

"तुह्या बापाले कोनी सांगतलं नोतं. तुले सांगतलं. आता डेपोत पाय ठेवशीन, त तंगडं तोडीन तुहं!"