पदरातली सुकडी

बहात्तरच्या दुष्काळात मी मुरुमला एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. माझी आत्या रोज खडी फोडायला जायची. संध्याकाळी खांदा धरून ती मागच्या दारानं यायची आणि मी डॉक्टरांना न विचारता दुखण्याच्या पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधून द्यायचो.

"आत्या, उपाशी पोटी घेऊ नका."

"न्हाय रं. दुपारी सुकडी देत्यात की. ती खाती, मग घेती."

सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं गोड पीठ. आत्या ती पदरात बांधून माझ्या घरी आणायची. माझी दोन्ही लेकरं दारात वाट बघायची. पहिल्या दिवशी वाटलं, उरली असेल. मग रोजच येऊ लागली. पदराची गाठ रोज तेवढीच जड. ती उपाशी पोटीच गोळ्या घेते हे मला कळत होतं. तरी मी गोळ्या थांबवल्या नाहीत आणि सुकडीही परत केली नाही. लेकरं बोटं चाटायची, मी तोंड फिरवायचो.

एक दिवस ती खडीच्या ढिगावरच कोसळली. आठवडाभर काळं परसाकडं होत होतं, ते तिनं लपवलं होतं. ट्रकनं तिला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तिच्याकडची पुडी बघून कडाडले, "पोटात रक्तस्राव झालाय. या गोळ्या कुणी दिल्या?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी तिची चादर सारखी करत राहिलो.

"बाजारात घेतल्या, साहेब," आत्या म्हणाली.

ती वाचली. माझी झोप मात्र त्या दिवसापासून तुटकीच.

पंधरा-सोळा वर्षांनी औषध कंपनीच्या माणसानं एका नव्या गोळीचं माहितीपत्रक दिलं. आमच्या डॉक्टरांनी ते मला समजावलं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ असतो. सांधा दुखवतो तोच, आणि पोटा-आतड्याचं अस्तर सांभाळतो तोही तोच. पांढरी गोळी दोन्ही कामं बंद पाडते. नवी गोळी त्या पदार्थासारखीच. अस्तराच्या पेशींवर बसते, वंगण वाढवते, सूज भडकवणारे पेशींमधले निरोप आवरते. ते कागद मी चारदा वाचले. मग उठलो आणि आत्याकडे गेलो.

अंगणात ती तूर पाखडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गोळ्या, सुकडी, उमरग्यातलं माझं गप्प राहणं.

सूप थांबलं नाही. "तुला दिसत व्हतं, ते मला ठावं व्हतं. लेकरं खात व्हती, म्हणून म्या बी गप, तू बी गप."

मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत.

"अन् ती नवी गोळी? कवा घ्यायची असती?"

"जेवणाबरोबर."

आत्या हसली. "मंग तवा ती असून बी काय उपेग व्हता रं?"

मी खाली बसलो आणि सुपातले खडे वेचू लागलो.