तासभर बसवणाऱ्या सिस्टर

आमच्या मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटर मठातल्या नन होत्या; त्या वॉर्डात आल्या की आधी आवाज यायचा. लोखंडी स्टूल त्या कधी उचलत नसत, पेशंटच्या उशापर्यंत ओढत नेत. मग बसत, आणि मगच बोलत.

"उभ्याने विचारलं की पेशंट 'बरंय' म्हणतो. बसलं की खरं सांगतो," असं त्या म्हणत. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला त्या एका पेशंटपाशी तासभर बसवत. हातात वही नाही, थर्मामीटर नाही. परतल्यावर प्रश्न एकच: "घरी कोण वाट बघतंय त्यांची?" सांगता आलं नाही, तर पुन्हा जाऊन बसायचं.

मी शाळेचं ऑफिस सांभाळते. वेळापत्रकात या तासाला काय नाव द्यायचं, असं मी विचारलं.

"प्रार्थना लिहा."

"पण सिस्टर, मुली प्रार्थना कुठे म्हणतात?"

"मग तुम्हाला काय वाटलं, त्या तिथे काय करतात?"

करोनात मुली मोबाइलवर शिकल्या. परतलेली बॅच हुशार होती, फक्त पेशंटला हात लावायला बिचकत होती. एक मुलगी मान मागे घेऊन नाडी बघत होती, तेव्हा नया नगरचे एक चाचा म्हणाले, "बेटी, मैं काटता नहीं हूँ." वॉर्ड हसला. सिस्टरांनी मात्र त्या दिवसापासून मागणी लावून धरली: या मुलींना वॉर्डातले दिवस वाढवून द्या.

व्यवस्थापनाचा बेत उलटा होता. पुन्हा साथ आली तर शिक्षण अडू नये, म्हणून वॉर्डातले दिवस निम्मे करायचे आणि उरलेला सराव रबरी पुतळ्यांवर घ्यायचा. त्यांची भीती खोटी नव्हती. साथीत आमची एक विद्यार्थिनी गेली होती. तिच्याजवळ कुणालाच बसता आलं नव्हतं, सिस्टरांनाही नाही.

निर्णयाच्या बैठकीची विषयपत्रिका मी केली, नेहमीच्या क्रमाने: इमारत, पाणी, परवाने वगैरे. पुतळ्यांची खरेदी पाचवी. शिक्षकांचं म्हणणं शेवटी, नववं. खरेदी मंजूर झाली, तिच्या पोटात नवं वेळापत्रकही मंजूर झालं. सातव्या विषयाला बैठकीचे अध्यक्ष, फादर डायरेक्टर, उठले आणि बैठक तिथेच संपली. त्यांना घोडबंदरच्या चर्चमध्ये मिस्सासाठी पोचायचं होतं. सिस्टर चार पानं लिहून आल्या होत्या. ती त्यांच्या मांडीवरच राहिली.

"तुमचा विषय मी वर घ्यायला हवा होता," मी बाहेर आल्यावर म्हणाले.

"ताई, ऐकायचं असतं तर ते नवव्या विषयापर्यंत थांबले असते."

पुढच्या महिन्यात मठाकडून बदलीचा कागद आला. लांबच्या राज्यातला एक वृद्धाश्रम.

"हे बैठकीमुळे का?"

"वयामुळे. आणि आज्ञा आली की निघायचं, हे मी स्वतःच कबूल केलंय. ही पानं ठेवा तुमच्याकडे."

पुढच्या बैठकीत मी सिस्टरांचा विषय पहिल्या क्रमांकावर घातला, सोबत चार पानांच्या प्रती जोडल्या. अध्यक्षांनी विचारलं, "मांडणार कोण?" शिक्षक खाली बघत होते. बैठकीत मी फक्त लिहून घ्यायला असते, मला बोलायचा अधिकार नाही.

मी लिहिलं: विषय क्रमांक एक. मांडणारे गैरहजर. सबब वगळला.