पत्रिकेपुरती पदवी

आज सकाळी नातीच्या लग्नाची पत्रिका छापून आली. तिच्या नावापुढे ठळक एम.एस्सी. आहे. तिचे होणारे सासरे कौतुकानं म्हणाले, "सून लई शिकलेली हाय. नोकरीची मात्र गरज न्हाई."

माझं डोकंच फिरलं. १९७२ साली मी नगरला बी.ए. झाले. श्रीगोंद्याच्या माझ्या सासऱ्यांनी हट्टानं पत्रिकेत बी.ए. छापून घेतलं, गावभर मिरवलं. पुढच्याच वर्षी गावातल्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली, तेव्हा तेच म्हणाले, "आपल्या घरातली बाई पगाराला जाती व्हय?"

म्हणून आज व्याह्यांना सरळ विचारलं, "मग पदवी छापलीत कशाला?" सगळे चहाच्या कपात बघत बसले. नातसुद्धा.

मैत्रिणींनो, लग्नपत्रिकेनंतर तुमच्या पदवीचं नाव पुन्हा कुणी काढलं का?