जैनबखालाची साक्ष

पुढ्यात फेकलेली वस्तू जैनबखाला कधीच उचलत नसे. दुकानातल्या हमालाने तांदळाची पिशवी तिच्या पायाशी टाकली, की ती कमरेवर हात ठेवून म्हणे, "हातात दे. मी कोंबडी नाय दाणे टिपायला."

एकोणीसशे साठच्या सुमारास दुबईच्या खाडीवर एका तांदूळवाल्या अरब शेठकडे मी कारकून होतो. खाला शेठच्या व्याह्याकडे राबायची. लहानपणी कुणीतरी तिला कोकणच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून आणलं आणि इथे विकलं. व्याही चारचौघांत मोठा सज्जन. तिला 'घरची मुलगी' म्हणायचा. या मुलीला ना मजुरी, ना रजा, ना एकटीने दाराबाहेर पडायची मुभा.

माझी बोली ऐकून पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "आपल्या बंदरावरच्या मशिदीची तिसरी पायरी अजून मोडकीच काय रे?"

मोडकीच होती. त्याच पायरीवर बसून मी गळ टाकायला शिकलो होतो.

एके सकाळी व्याह्याच्या माणसाबरोबर तांदूळ न्यायला आलेली खाला त्याची नजर चुकवून तशीच इंग्रज साहेबाच्या कचेरीत जाऊन बसली. साहेबाच्या कोर्टात फक्त परदेशी माणसांचे खटले चालत. ती हिंदुस्थानची ठरली तर सुटकेचा कागद. नाही तर पुन्हा मालकाचं घर. जन्माचा दाखला ती कुठून आणणार? तिने साक्षीला माझं नाव दिलं.

शेठ म्हणाला, "हबीबी, बाईला ओळखत नाही म्हण, खलास. नाही तर पुढच्या बोटीने गावाला जा."

कोर्टात व्याही म्हणाला, "या बायका कोकणी खलाशांकडून चार शब्द उचलतात." खाला हसली. "साहेब, याला ती पायरी विचारा."

साहेबाने विचारलं. मी म्हणालो, "ठाऊक नाही." आवाज जरासुद्धा कापला नाही, याची आजही किळस येते. आणि हे लिहायला मला धीर लागला, असंही कुणी समजू नये. शेठ वारला, म्हणून लिहितो आहे.

साहेबाने खटला आपल्या हद्दीबाहेरचा ठरवला, कागद मिटले आणि चहा मागवला.

अंगणात व्याह्याचा माणूस तिला न्यायला उभा होता. मी पुटपुटलो, "खाला, माझी नोकरी..."

"रडू नको," ती म्हणाली. "माझे निदान कुणी पैसे तरी मोजले. तू तर फुकटात गेलास."

काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेठने हाक मारली, आणि मी धावत गेलो.