मोहाखालचं इंग्रजी

ऑफिसात कुणी मोठ्यानं 'वीक' म्हटलं, की मी आजही दचकते. समोरच्याला बिचाऱ्याला फक्त आठवडा सांगायचा असतो. मी मात्र आधी मान वळवून मागं बघते. गडचिरोलीच्या या ऑफिसात माझ्या मागं भिंत आहे आणि भिंतीवर कॅलेंडर आहे, हे मला पक्कं माहीत आहे, तरी बघते. सोबतचे हसतात. त्यांना वाटतं, बाई इंग्रजीला घाबरते. वाटू दे. घाबरते हे खरंच आहे, पण इंग्रजीला नाही.

तेव्हा मी भरतीच्या परीक्षेची तयारी करत होते. आमचं गाव ब्रह्मपुरीपासून बरंच आत, जंगलाला अगदी चिकटून. काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेत मी ब्रह्मपुरीला क्लासला जायचे. गणित मला यायचं, मराठी यायचं, इंग्रजीत मात्र एका धड्यानं मला जेरीस आणलं होतं. सारख्या आवाजाचे शब्द. 'वीक' म्हणजे आठवडा आणि 'वीक' म्हणजे अशक्त. 'फ्लॉवर' म्हणजे फूल आणि 'फ्लार' का असंच काहीतरी म्हणजे पीठ, आणि गोऱ्यांच्या तोंडी म्हणे दोन्ही एकच. इंग्रजी शिकवणारे सर ब्रह्मपुरीतल्या एका शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान घरातले. ते म्हणायचे, "कापडाच्या एका थानातून कापलेले दोन कुर्ते आहेत हे. दूर से एकच दिसतात. अंगात घालून बघितल्याशिवाय कोणाचा कोणता, समजत नाई. वाक्यात घाला आणि मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात पाठ करणारे फेल होतात."

मोठ्यानं म्हणायला घरात जागा नव्हती. एक खोली, तिच्यात बकऱ्या, आणि शेजारीण भिंतीला कान लावून. तेवढ्यात मोहाचा हंगाम आला.

धान निघाल्यावर आमच्याकडे दुसरं काम नसतं. बाबा दरवर्षीसारखे तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. मोह वेचायला घरात राहिलो आम्ही दोघी, आई आणि मी. मोहाची फुलं पहाटे गळतात, सकाळी वेचायची, अंगणात वाळवायची आणि व्यापाऱ्याला द्यायची. जंगलातली झाडं घराघरांत वाटलेली असतात. कुठं लिहिलेलं नाही, पण कोणतं झाड कुणाच्या सासऱ्याचं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. आमची दोन झाडं नाल्याच्या बाजूला होती, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, मध्ये झुडपं आणि बांबूचं एक बेट.

मोह वेचताना माणूस खाली वाकतं, आणि वाकलेलं माणूस जंगलातून माणसासारखं दिसत नाही. सगळी गोम तिथंच आहे. ज्याचं नाव आम्ही जंगलात घेत नाही, नुसतं 'जनावर' म्हणतो, त्याला ते चरणारं काहीतरी वाटतं. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे: वेचताना गप्प बसायचं नाही. बोलायचं, गायचं, काहीही करायचं, पण आवाज चालू ठेवायचा. दुसऱ्यानं तिकडून हुंकार द्यायचा. पलीकडच्या झाडाखालची काकू या रीतीचा मोठा फायदा घ्यायची. ती नवऱ्याला शिव्या द्यायची, सकाळभर, मोठ्यानं, नाव घेऊन. घरी गेली की गरीब गाय. काका म्हणायचे, मोहाचा हंगाम संपला की मले कान धुतल्यासारखं वाटते.

मला गाता येत नाही आणि नवरा नव्हता. मी शब्द म्हणायचे.

"सन म्हणजे सूर्य! सन म्हणजे मुलगा!"

"हूं!" पलीकडून आई.

"मीट म्हणजे भेटणे! मीट म्हणजे मटण!"

"हूं!" मग थोड्या वेळानं, "काऊन वं, एकच शब्द दोन-दोनदा म्हणून राह्यली? मास्तरले दुसरे भेटले नाईत का?"

"दोन वेगळे आहेत ते, आई."

"मले तर एकच ऐकू येते."

"मलेही एकच ऐकू येते. तेच तर शिकून राह्यली."

एकदा मी 'प्रे' म्हटलं. प्रार्थना करणे, आणि शिकार, म्हणजे ज्याची शिकार होते ते. आईचा हुंकार आला नाही, ती स्वतःच झुडपातून वाट काढत आली. म्हणाली, "हा शब्द इथी नको म्हणू. घरी म्हण." मी हसले. मग हसू थांबलं, कारण ती हसत नव्हती. त्याच हंगामात नाल्यापलीकडच्या गावातली एक बाई मोह वेचताना गेली होती. तिची टोपली तिथंच राहिली, भरलेली, असं लोक सांगत होते. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगून गेली होती, जाऊ नका, गेलात तर घोळक्यानं जा. घोळक्यानं कसं जाणार? माझ्या झाडाची फुलं तू वेचणार का?

मी भित्री आहे, जन्मापासून. आई म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी रोज सकाळी जीव मुठीत घेऊन जायचे आणि परत येताना वाटायचं, झालं, उद्याचं उद्या. आई तशी नव्हती. ती रस्त्यानं पुढं चालायची, टोपली डोक्यावर, मध्येच थांबून शेण गोळा करायची. तिला भीती वाटत नाही, हे मी इतकं गृहीत धरलं होतं, जसं सकाळी चुलीवर चहा असणारच.

त्या दिवशी चांगलं उजाडलं होतं. काकूकडे पाहुणे होते, ती आलेली नव्हती. त्यामुळं जंगलात शिव्या नव्हत्या, नुसता माझा आवाज आणि आईचा हुंकार. फुलं भरपूर पडली होती, हात चिकट झाले होते. मी 'वीक'पाशी होते.

"वीक म्हणजे आठवडा! वीक म्हणजे अशक्त!"

हुंकार नाही.

वाटलं, टोपली ओतायला गेली असेल. मी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. हुंकार नाही. एक फूल पानांवर टप् करून पडलं, ते मला ऐकू आलं. एरवी ते कधी ऐकू येत नाही.

मी उभी राहिले. बांबूच्या बेटापलीकडे काही दिसत नव्हतं. लोक म्हणतात पाचावर धारण बसली. त्या दिवशी ते काय असतं ते मला कळलं. मला 'आई' अशी हाक मारायची होती आणि ती मारायची नाही हे माहीत होतं. लहानपणापासून सांगितलेलं: समोरून आवाज बंद झाला तर किंचाळायचं नाही, पळायचं नाही, तिकडे जायचं नाही. किंचाळलं की पळणं आलंच, आणि पळणाऱ्याच्या मागं जनावर येतंच. आपला आवाज जसा होता तसाच चालू ठेवायचा. कुणी हे सांगितलं होतं तेव्हा मी मान डोलावली होती. सांगणाऱ्याला काय जातं?

"वीक म्हणजे आठवडा," मी म्हटलं. "वीक म्हणजे अशक्त."

ही काही माझी हिंमत नव्हती. तोंडाला सवय लागली होती, ते आपलं चालू राहिलं, जसं जातं थोडा वेळ आपोआप फिरतं. पाय मात्र जमिनीत रुतले होते. मी सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. सन, सन. मीट, मीट. अर्थ उलटेपालटे होत होते, सूर्याला मटण आणि मटणाला मुलगा म्हणत होते, कोण तपासणार होतं? डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात वर करायची भीती वाटत होती. त्याच वेळी मला आईचा भयंकर राग आला. एक हुंकार द्यायला काय झालं? मस्करी करते काय? मग वाटलं, बाबांना फोन कसा करायचा. मिरचीच्या शेतात ते फोन झाडाला लटकवून ठेवतात. कोण उचलेल? त्याला मी काय सांगू? असले विचार मनात आले याची मला लाज वाटली, आणि तरी ते येत राहिले.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. उन्हाचा कवडसा माझ्या पायावरून सरकून टोपलीवर गेला होता.

आई मागून आली. नाल्याकडून नाही, बांबूच्या बेटाकडून नाही, तर अगदी उलट्या बाजूनं, गावच्या वाटेकडून. तिच्याकडे टोपली नव्हती. लुगडं काट्यांनी फाटलं होतं, पायात चप्पल नव्हती. तिनं माझं मनगट धरलं आणि स्वतः मोठ्यानं बोलायला लागली, काहीही, "चाल घरी, बकऱ्या सुटल्या असतील, चुलीवर दूध आहे, चाल." दूध नव्हतंच. आम्ही जंगलाकडे तोंड करून मागं मागं चालत निघालो. माझी भरलेली टोपली तिथंच राहिली.

डांबरी रस्त्याला लागल्यावर ती खाली बसली, आणि मी तिच्यावर ओरडले. इतका वेळ दाबलेलं सगळं बाहेर आलं. "काऊन नाई बोलली तू? मी मरून राह्यली होती तिकडं! एक हूं म्हणायले काय झालं होतं तुले?"

ती पायातला काटा काढत होती. तिनं वर न बघता सांगितलं. वेचता वेचता कंबर सरळ करायला ती उभी राहिली, तर वारुळापलीकडे जनावर बसलेलं होतं आणि तिच्याकडे बघत होतं. मी 'वीक' म्हणाले ते तिनं ऐकलं. तिनं हुंकार द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"माझा आवाज कापला असता," ती म्हणाली. "तुले लगेच समजलं असतं. तू धावत आली असती."

"मी नसती आली. जायचं नाई हे मले माहीत होतं."

"आली असती," ती म्हणाली. "मी ओयखतो तुले."

मग ती मागं सरकायला लागली, त्याच्यावर नजर ठेवून, एक एक पाऊल. जनावर उठलं आणि तिच्यामागून येऊ लागलं, घाई न करता. मी विचारलं, मग तू माझ्याकडे का नाही आलीस, मी तर बांबूपलीकडेच होते, दोघी असतो तर ते गेलं असतं. हा प्रश्न मी खरंच विचारला. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली पोरगी आणि हिला हे समजत नाही.

"ते माझ्यामागं येऊन राह्यलं होतं ना, बाई. त्याले घेऊन तुयाकडं येऊ?"

ती माझ्या आवाजापासून लांब गेली होती. जिकडून माझे शब्द येत होते, त्याच्या उलट्या दिशेला, नाल्यात उतरून. माझा आवाज बारीक होत गेला तेव्हा तिला बरं वाटलं, असं ती म्हणाली. नाल्याच्या वळणावर जनावर थांबलं, वास घेतला, आणि झाडीत शिरलं. मग ती पूर्ण वळसा घालून गावच्या वाटेनं माझ्या मागं आली.

"आणि ते थांबलं नसतं तर?"

"तर काय?" ती म्हणाली. "तू तर बोलूनच राह्यली होती. तुले काई झालं नाई, एवढं मले शेवटवर ऐकू आलं असतं."

मी तिथं रस्त्यावर बसून रडले. ती मला रडू नको म्हणाली नाही. येणारी एक जीप थांबली, ड्रायव्हरनं विचारलं काय झालं, आणि आईनं सांगितलं, पोरीची परीक्षा आहे.

नंतर वनखात्याची माणसं आली, पंजे बघून गेली, त्या बाजूला जायला काही दिवस मनाई झाली. मनाई उठली तेव्हा मोह अजून गळत होता. मी आईला हात जोडले. ती म्हणाली, झाड आपलं आहे, फुलं कुणी दुसरं नेईल. बाबांनी फोनवर जाऊ नका म्हटलं, तरी तिनं नवी टोपली काढलीच. मग मी एकच अट घातली, की दोन झाडं वेगळी वेगळी नाहीत, दोघी एकाच झाडाखाली बसायचं, पाठीला पाठ लावून.

तसे आम्ही बसलो. मी नाल्याकडे तोंड करून, ती गावाकडे. मी शब्द म्हणायला सुरुवात केली आणि ती हुंकार देऊ लागली, नेहमीसारखा, खणखणीत, जरा वैतागलेला. तो हुंकार ऐकून कुणालाही वाटलं असतं, या बाईला कशाचीच भीती नाही. पण तिची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती, आणि ती पाठ सारखी कापत होती.